कुंभार, माती आणि महास्फोट

घट दिसला म्हणजे कुंभार होताच, मग एवढे मोठे विश्व दिसत असताना त्याला कर्ता नाही असे तू कशाच्या बळावर म्हणतेस, असा प्रश्न अण्णांनी मला गेल्या श्रावणात ठाण्यातल्या तलावपाळीच्या फेरीत विचारला. अण्णा म्हणजे माझे सासरे. रोज संध्याकाळी कोपिनेश्वराचे दर्शन घेऊन ते मासुंदा तलावाला एक फेरी मारतात आणि शक्य होईल तेव्हा मीही त्यांच्याबरोबर जाते. मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी माझ्यावरच होती, पण मी दिलेले उत्तर चांगले नव्हते. विश्व महास्फोटातून झाले, त्याला कर्ता लागत नाही, असे मी म्हणाले. त्यावर अण्णांनी शांतपणे विचारले, "स्फोट झाला म्हणतेस, तर वात कोणी लावली?"

तो प्रश्न मला त्या रात्री स्वस्थ बसू देईना. चूक अण्णांची नव्हती, ती माझ्या शब्दाची होती. स्फोट म्हटले की आधीपासून असलेली मोकळी जागा, तिच्यात ठेवलेली दारू आणि ती पेटवणारा हात, एवढे सगळे मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आपोआप उभे राहते. मुळात 'बिग बँग' हे नावच या सिद्धांताच्या विरोधकाने दिलेले आहे. विश्व स्थिर स्थितीत अनादी काळापासून आहे असे मानणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी 1949 मध्ये बीबीसी रेडिओवरील भाषणात तो शब्द वापरला आणि आपण त्याचे भाषांतर करून 'महास्फोट' रूढ केला. सिद्धांत जे सांगतो ते यापेक्षा बरेच संयत आहे. आज दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, कारण त्यांच्यामधला अवकाशच ताणला जात आहे. हा प्रवास उलटा मोजत गेले तर सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी सारे काही अतिशय दाट आणि अतिशय तप्त अवस्थेत होते. ती अवस्था एखाद्या ठिकाणी नव्हती, ती सर्वत्र होती. या चित्रात वात लावायला उभे राहण्यासाठी बाहेरची जागाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना हे सांगितले आणि पुरावाही सांगितला, कारण पुराव्याशिवाय ही गोष्ट आणखी एक पुराणकथा ठरली असती. 1964 मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी येथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना त्यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक मंद खरखर ऐकू येऊ लागली. अँटेना कुठेही वळवली तरी ती तेवढीच राहत असे. अँटेनात कबुतरांनी घरटे केले होते म्हणून त्यांनी कबुतरे हटवली, त्यांची घाण साफ केली, तरी खरखर जाईना. ती आकाशाच्या सर्व दिशांनी येणारी, उणे 270 अंश सेल्सिअस इतक्या थंड प्रारणाची, म्हणजे रेडिएशनची, खूण होती. विश्व साधारण 3 लाख 80 हजार वर्षांचे असताना ते पहिल्यांदा पारदर्शक झाले आणि तेव्हा मोकळा झालेला प्रकाश ताणला जात जात आज एवढा थंड होऊन आपल्यापर्यंत पोहोचतो आहे. पहिल्या काही मिनिटांतील अणुकेंद्रीय प्रक्रियांवरून गणित केले तर सामान्य पदार्थाच्या वस्तुमानाचा सुमारे चौथा हिस्सा हेलियम असायला हवा असे उत्तर येते, आणि मोजणीतही तेवढाच सापडतो. अण्णांनी हे सगळे लक्षपूर्वक ऐकले. त्यांना कबुतरांची गोष्ट फार आवडली.

मग मी त्यांना जॉर्ज लमेत्र यांच्याविषयी सांगितले. विश्व प्रसरण पावत आहे हे समीकरणांतून 1927 मध्ये मांडणारा आणि 1931 मध्ये विश्वाचा आरंभ एका आदिम अणूतून झाला असावा असे सुचवणारा हा बेल्जियन शास्त्रज्ञ कॅथलिक धर्मगुरू होता. 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी विज्ञानाला आता सृष्टीच्या निर्मितीचाच दाखला मिळाला आहे अशा आशयाचे भाषण केले, तेव्हा सर्वांत जास्त अस्वस्थ झाले ते लमेत्रच. आपला सिद्धांत धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे आणि ईश्वर न मानणाराही तो तितक्याच मोकळेपणाने स्वीकारू शकतो, ही भूमिका त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. मला हा माणूस अतिशय आदरणीय वाटतो. ज्या शोधाचा आपल्या श्रद्धेला सहज आधार करून घेता आला असता, तो त्यांनी तसा वापरू दिला नाही. हॉईल नास्तिक होते आणि आरंभ असलेल्या विश्वाला धर्माचा वास येतो असे त्यांना वाटे. त्यांचे विद्यार्थी आणि पुढे सहकारी झालेले आपले जयंत नारळीकर यांनीही महास्फोटाला अखेरपर्यंत विरोध केला, पण तो निरीक्षणे आणि गणित समोर ठेवून केला. कोण आस्तिक आणि कोण नास्तिक यावरून कोणता सिद्धांत कोणाचा हे ओळखता येत नाही, हे मला या इतिहासातून फार स्पष्ट दिसते.

अण्णांचा घट मात्र शिल्लक होता. त्यांचा युक्तिवाद घरगुती नाही. पृथ्वी, अंकुर इत्यादी गोष्टी कार्य, म्हणजे उत्पन्न झालेल्या, आहेत, म्हणून घटाप्रमाणे त्यांनाही कर्ता असला पाहिजे, हे नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचे, जुने अनुमान आहे आणि उदयनाचार्यांनी ईश्वरसिद्धीसाठी त्याचा मोठा विस्तार केला. मी त्यांना एवढेच विचारले, की कुंभार माती कुठून आणतो? न्यायदर्शनाचे उत्तर सरळ आहे: परमाणू नित्य आहेत, ईश्वर त्यांची रचना करतो. म्हणजे घटाचा दाखला शेवटपर्यंत नेला तर हाती लागतो तो मांडणी करणारा ईश्वर. काहीच नसताना सर्व काही निर्माण करणारा ईश्वर त्यातून मिळत नाही. शिवाय आपल्याच इतर दर्शनांपैकी मीमांसकांनी आणि जैनांनी जगाला कर्ता मानलाच नाही, आणि अभिजात सांख्यांनाही मूळ प्रकृतीचे जगात रूपांतर होण्यासाठी ईश्वराची गरज वाटली नाही. देव की भौतिकशास्त्र असे दोनच रकाने करून भांडण्याची सवय आपल्या परंपरेची नाही, आणि ती आपण का उचलली याचे मला खरोखर वाईट वाटते.

अण्णा दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गडकरी रंगायतनाजवळ थांबून त्यांनी विचारले, "मग तुझी माती कोणती?"

हा प्रश्न न्याय्य होता. काही भौतिकशास्त्रज्ञ विश्व शून्यातून उत्पन्न झाले असे म्हणतात. अलेक्झांडर विलेंकिन यांनी 1982 मध्ये तसे प्रारूप मांडले, आणि पुढच्या वर्षी जेम्स हार्टल व स्टीफन हॉकिंग यांनी काळाला टोकच नसलेले विश्व सुचवले. परंतु पुंजभौतिकीच्या, म्हणजे क्वांटम भौतिकशास्त्राच्या, निर्वातातही क्षेत्रे असतात, आणि जिथे अवकाश व काळसुद्धा नाही असे मानले जाते, तिथेही पुंजभौतिकीचे नियम लागू आहेत असे गृहीत धरलेले असते. ते नियम हीच माझी माती. ती कुठून आली हे मला सिद्ध करता येत नाही, आणि ते मी अण्णांना तसेच सांगितले. आरंभानंतरच्या पहिल्या सूक्ष्मातिसूक्ष्म क्षणासाठी गुरुत्वाकर्षण आणि पुंजभौतिकी यांना एकत्र बांधणारा सर्वमान्य सिद्धांतही अजून आपल्याकडे नाही.

तरीही दोन्ही बाजू समान आहेत असे मी मानत नाही. जे स्पष्टीकरण चुकू शकते तेच माझ्या दृष्टीने स्पष्टीकरण. हेलियम चौथ्या हिश्शाऐवजी अर्धा निघाला असता, तर आम्हाला आमचे चित्र फाडून टाकावे लागले असते. ईश्वराची इच्छा हे उत्तर हेलियम कितीही निघाला तरी तसेच राहते, म्हणून त्यातून हेलियमविषयी काहीच कळत नाही. हे मी जरा भीतभीतच बोलले, कारण अण्णांची उपासना सत्तर वर्षांची आहे. ते म्हणाले, "अगं, मी कोपिनेश्वरासमोर उभा राहतो तो काही विचारायला नाही." त्या वाक्यानंतर त्यांना हरवण्याची माझी इच्छा संपली, मतभेद मात्र संपला नाही.

अण्णांना लहानपणी शिकलेली काही सूक्ते अजून मुखोद्गत आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील, सृष्टीच्या आरंभाविषयीचे नासदीय सूक्त त्यांनी मला त्या आठवड्यात दोनदा म्हणून दाखवले. त्यात 'अर्वाग्देवा अस्य विसर्जनेन' असे येते, म्हणजे देव या सृष्टीच्या उत्पत्तीनंतरचे आहेत. गणपतीच्या दिवसांत ठाण्यात ज्या शब्दाला निरोपाखेरीज दुसरा अर्थ उरत नाही, तो 'विसर्जन' शब्द ऋषीने उत्पत्तीसाठी वापरला आहे, याचे मला फार नवल वाटले. शेवटी तर, परम आकाशात असलेला याचा जो अध्यक्ष आहे तोच हे जाणतो, किंवा कदाचित तोही जाणत नाही, असे म्हणून सूक्त थांबते.

परवा फेरी संपत आली तेव्हा अण्णांनी स्वतःच पहिल्या ऋचेतला एक शब्द काढला. 'नासदासीन्नो सदासीत्तदानीम्', म्हणजे तेव्हा असत् नव्हते आणि सत्ही नव्हते. "पुढच्याच ऋचेत रात्र आणि दिवस यांची खूणही नव्हती असे म्हटले आहे," ते म्हणाले, "मग 'तदानीम्' कशावरून? 'तेव्हा' म्हणजे केव्हा?" वर्गात फळ्यावर विश्वाच्या काळाचा अक्ष काढताना डाव्या टोकाला मी नेहमी एक ठळक शून्य लिहिते. तलावावरचे दिवे लागले होते, आणि ते शून्य मी कशावरून लिहिते हे अण्णांना सांगायला मी शब्द शोधत होते.