नाळेखालचे पक्षी

माझ्या लिहिण्याच्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक जहाज आहे. जुन्या कॅलेंडरातले ते पान मी चौकटीत बसवायला दिले, तेव्हा चौकटवाल्याने नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, पायथ्याशी बोट ठेवून, "इथे बुरशीचे डाग पडलेत, पुसून पाहू का?" असे विचारले होते. मी घाईघाईने त्याचा हात धरला, कारण ते डाग म्हणजे पक्षी होते.

चित्र १९३५ सालचे, 'नॉर्मंडी' या फ्रेंच जहाजाच्या जाहिरातीचे; चित्रकार ए. एम. कासांद्र, हे त्याने स्वतःच घेतलेले नाव. तो १९०१ मध्ये युक्रेनमधल्या खार्किव्हला जन्मला आणि पॅरिसमध्ये नावारूपाला आला. सागरी प्रवासाच्या पोस्टरवर टोप्या सावरणाऱ्या स्त्रिया, डेकवरच्या आरामखुर्च्या, दूरची ताडाची झाडे असा सगळा थाट मांडण्याची रीत असताना याने एकही माणूस काढला नाही. त्याने पाहणाऱ्याला थेट पाण्याच्या पातळीवर नेऊन उभे केले आणि समोरून नुसती नाळ चढवत नेली, एखाद्या कड्यासारखी. तो कडा किती उंच आहे, हे मात्र तळाशी उडणारे ते चिमुकले पक्षी सांगतात. ते झाकून पाहिले, तर जहाज खेळण्यातलेही वाटू शकते. १९३१ च्या 'लातलांतिक' जहाजाच्या पोस्टरवर हेच काम त्याने एका छोट्या टग बोटीकडून करून घेतले होते, पण पक्ष्यांची युक्ती मला अधिक हलक्या हाताची वाटते.

खरे जहाज ३१३ मीटर लांब होते. त्याच्या तीन धुराड्यांपैकी तिसरे केवळ शोभेचे होते आणि त्याच्या पोटात प्रवाशांच्या कुत्र्यांची सोय केलेली होती. समोरून पाहिल्यामुळे कासांद्रच्या चित्रात त्या लटक्या धुराड्याचा प्रश्नच येत नाही. पुढे ९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर, सैन्याच्या वाहतुकीसाठी जहाजात बदल चालू असताना, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी लाइफजॅकेटांचा ढीग पेटला, आणि आग विझवण्यासाठी ओतलेल्या पाण्याच्या भाराने ते आडवे झाले.

माझ्या भिंतीवर दुपारचे ऊन येते. त्याने जहाजाचा काळा रंग आता राखाडी होत चालला आहे. पक्षी कोऱ्या कागदाचेच असल्यामुळे त्यांचा रंग उडण्याचा प्रश्न नाही.