गवताला रकानाच नाही

पाटोद्याकडच्या आमच्या गावाचं गायरान म्हणजे मुरमाड माळ. वीतभर माती, खाली काळा दगड. सरकारदप्तरी पडीक. तिथं पवन्या, मारवेल, डोंगरी ही गवतं पुन्हा आणायची, एवढंच आमचं मागणं. ग्रामसभेचा ठराव, मोजणी सगळं सुरळीत झालं. जैवविविधता समितीचीही सही मिळाली. (2002च्या कायद्यानं ती प्रत्येक ग्रामपंचायतीत लागते; कागदावरच असेल तर आधी बैठक लावा.)

घोडं अडलं ते निधीसाठी भरलेल्या वृक्षलागवडीच्या अर्जातल्या 'हेक्टरी रोपांची संख्या' या रकान्यावर. मी शून्य लिहिलं. फाईल परत.

"शून्य कसं चालंल? मग काम काय करणार?"

"गवत, साहेब."

"गवत तर आपोआप येतंय की! त्याला निधी कशाला?"

आपोआप येतं, पण बी शिल्लक असेल तर. चरून चरून आमच्या माळावर कुसळी गवत आणि तरवडाची झुडपंच उरलीत. साहेबांचा तोडगा ठरलेला: गिरिपुष्पाची झाडं लावा, झटक्यात हिरवं दिसंल. अहो, बहुवर्षायू गवताचा जीव मुळांत असतो. खड्डे खणले की उरलीसुरली मुळंही जातात, वर सावली धरली की गवत मरतं. चंडोल आणि धाविक हे माळावरचे पक्षी अंडी घालतात ती उघड्या जमिनीवर. माळढोक गेला तो झाडं कमी पडली म्हणून नव्हे! हे सगळं टिपण काढून जोडलं. त्यावर शेरा आला, 'रोपांची संख्या नमूद करावी.' अजून आठवलं तरी डोकं फिरतं.

सुटका केली पलीकडच्या टेबलावरच्या मॅडमनी. "वृक्षलागवडीचा अर्ज भरताच कशाला? वैरण विकासात मांडा." त्या अर्जात 'हेक्टरी बियाणे, किलो' असा रकाना होता. तोच माळ, तेच गवत, आणि मंजूर! हे आधी कुणी सांगितलं असतं तर?

अर्जाला उन्हाळ्यातला फोटो लावू नका, उघडा माळ बघून 'पडीक'च लिहितात, भादव्यातला लावा. बी दिवाळीच्या आसपास गोळा करा, पण लगेच पेरू नका. ताजं बी नीट उगवत नाही, मृगापर्यंत गोणपाटात कोरडं ठेवा. वाऱ्यानं उडू नये म्हणून शेणमातीत कालवून टाका. आणि हो, ठरावाआधीच मेंढपाळांना बोलवा. अर्धा माळ त्यांना मोकळा ठेवला तरच उरलेल्या अर्ध्यावर चराईबंदी टिकते. कापणी बी गळल्यावरच, आणि तीही विळ्यानं. उपटू देऊ नका.