आमची वाटचाल: नऊ प्रश्न आणि लाल वही

कसबा पेठेतल्या एका फॅमिली डॉक्टरांच्या पोटमाळ्यावर २०१८ साली आम्ही सुरुवात केली. दवाखान्यांना आणि छोट्या कारखान्यांना शिकवून तयार केलेल्या समुपदेशक पुरवायच्या, हे काम. हत्यारं म्हणजे पीएचक्यू-नाइनचा, म्हणजे नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांचा कागद, फोन आणि लाल वही. वहीत नाव नाही, नुसता नंबर. मग उत्तरांच्या गुणांची (प्रत्येकाला शून्य ते तीन) बेरीज, पुढच्या फोनची तारीख आणि शेवटी ‘काय जमलं’ हा रकाना. हा रकाना माझा, त्याचा मला अभिमान आहे.

गोव्यात संगथ संस्थेने आधीच सिद्ध केलं होतं: पदवी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या माणसांनी सहा ते आठ बैठका घेतल्या, तर तीन महिन्यांनी तीव्र नैराश्यातले ६४ टक्के रुग्ण सावरतात, एरवी ३९. लॅन्सेटमध्ये २०१७ ला छापून आलं. आणि इथे ‘डोकं जड, झोप नाही’ म्हणणाऱ्याच्या हातात बी-कॉम्प्लेक्सच पडत होतं.

चौथ्या वर्षी आम्ही जवळजवळ बुडालो. चाकणची एक कंपनी आमचं निम्मं उत्पन्न होती. एका ॲपवाल्याने निम्म्या दरात रंगीत आलेख दाखवले आणि करार नेला. प्रश्न समजावून सांगायची आमची मराठी टिपणंसुद्धा शब्दन् शब्द उचलली. ते मी विसरलेलो नाही. त्यांच्या ॲपात बेरीज मोबाइलवर यायची, पुढे फोन कोणी करायचं नाही. आठांपैकी पाच जणींना मी घरी बसवलं. डॉक्टरांनी सात महिने भाडं मागितलं नाही.

तारलं भोसरीच्या एका फोर्जिंगवाल्या शेठनी. त्यांच्या हॅमरवरच्या कामगाराची बेरीज फक्त सात होती, म्हणजे सौम्य. पण नवव्या प्रश्नाला, मरणाच्या विचारांच्या, त्याने ‘एक’ लिहिलं होतं. आमच्या ताईंनी ते टिपलं, त्याच्या भावाला बोलावलं आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. तिसऱ्या आठवड्यात ‘काय जमलं’मध्ये नोंद आहे: मुलीला शाळेत सोडलं. शेठनी वर्षाचे पैसे आगाऊ दिले.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनो, बेरजेआधी नववा प्रश्न बघा. आणि दुसऱ्या वेळी न आलेला माणूस बरा झाला असं धरू नका, फोन लावा.

गेल्या महिन्यात चाकणची ती कंपनी पुन्हा विचारायला आली. मी जुनाच दर सांगितला आणि वही पुढे ठेवली.