चारातल्या तीन आल्या

काल रात्री धाकट्या भावाने फोन माझ्यापुढे धरला. ‘ताई, बघ ना! चारातल्या तीन आल्या, एकीनेच घात केला.’ चार मॅचची एकत्र पैज, म्हणजे चारही अंदाज बरोबर आले तरच पैसे; प्रत्येकीचा भाव १.९१ (जिंकलं तर एका रुपयाचे १.९१ परत), लावलेले १०० रुपये. शेवटच्या मॅचमध्ये तीन गोल व्हायला हवे होते, दोनच झाले. पुढच्या वेळी नक्की जमेल, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. मला त्याच खात्रीची भीती वाटली.

मी कागद घेतला. मॅच बरोबर आली की बरोबरची खूण, चुकली की फुली. प्रत्येक निकाल निम्म्या शक्यतेचा धरला तर चार मॅचच्या सोळा ओळी होतात आणि सगळ्यांची शक्यता सारखीच. चारही खुणा असलेली ओळ एकच. एकच फुली असलेल्या ओळी मात्र चार. म्हणजे ‘थोडक्यात हुकलं’ हे जिंकण्याच्या चौपट वेळा घडणारच. त्यावरून अंदाज पक्का होत चाललाय असं मुळीच ठरत नाही.

आता पैशांचं. १.९१ चार वेळा गुणलं की १३.३१. म्हणजे १०० चे १,३३१ परत येतात. त्यात आपलेच १०० असतात, निव्वळ नफा १,२३१. (एखादी मॅच रद्द झाली तर सहसा तिचा भाव १ धरतात आणि उरलेल्या तिघींचा ६.९७ होतो.) पण सोळातून एकदाच जिंकायचं, तर न्याय्य भाव १६ हवा. निम्म्या शक्यतेला २ ऐवजी १.९१ देऊन बुकी एका मॅचवर साडेचार टक्के कापतो. चार मॅच जोडल्या की ही कापाकापीसुद्धा गुणली जाते आणि सरासरी १०० मागे जवळपास १७ जातात. स्क्रीनवर १३.३१ ठळक दिसतं, हे १७ कुठेच लिहिलेले नसतात. मला राग येतो तो याचा.

एकाच मॅचमधल्या दोन गोष्टी जोडायच्या असतील, संघ जिंकणं आणि त्याच्याच स्ट्रायकरने गोल करणं, तर हा साधा गुणाकार चालत नाही. एक घडलं की दुसऱ्याची शक्यता वाढते. म्हणून तिथे बुकी वेगळा, कमी भाव लावतो.

भाऊ बराच वेळ गप्प होता. मग त्याने पेन्सिल घेतली आणि पाच मॅचच्या बत्तीस ओळी स्वतः आखल्या. पूर्ण आलेली एक, एकाने हुकलेल्या पाच. भाव २५.४२, हवा होता ३२.

‘ताई, म्हणजे मॅच वाढवल्या की जिंकण्याच्या मानाने हुकणंच वाढतं?’

हो रे.