कार्ड आहे, मग धान्य का नाही?

केशरी रेशनकार्ड असूनही धान्य का मिळत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून एकदा तरी येतो. विचारणारीच्या हातात बहुधा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं केशरी कार्ड असतं. "काकू, कार्ड आहे की! मग दुकानदार धान्य का देईना?"

मी समाजसेविका वगैरे नाही. बँकेत क्लार्क होते, निवृत्त झाले, फॉर्म भरायचा हात आहे एवढंच. आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या ताईंचं काम केलं आणि वस्तीत बोभाटा झाला.

तर, कार्डाचा रंग वेगळा आणि धान्य वेगळं. पिवळं, केशरी, पांढरं ही तिरंगी व्यवस्था महाराष्ट्रात 1999 पासूनची आहे. धान्य मात्र येतं 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यातून. त्यासाठी तुमचं कुटुंब 'अंत्योदय' (म्हणजे गरिबांतलं गरीब) किंवा 'प्राधान्य कुटुंब' म्हणून यादीत चढलेलं लागतं. अंत्योदयला घरटी महिन्याला 35 किलो, प्राधान्यला माणशी 5 किलो. पूर्वी तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो होता, जानेवारी 2023 पासून तेही द्यावे लागत नाहीत. केशरी कार्डाला उत्पन्नाची मर्यादा एक लाखाची, पण प्राधान्य यादीसाठी शहरात 59 हजार आणि गावात 44 हजार. वर्षाचे, बरं का. शहरातला आकडा महिन्याला पाच हजारही भरत नाही. चार घरची धुणीभांडी करणारी बाई कागदावर श्रीमंत ठरते.

त्यात 'इष्टांक' नावाची भानगड. किती लोकांना धान्य द्यायचं तो आकडा राज्याला ठरवून दिलाय, तोही 2011 च्या जनगणनेवर. म्हणजे कुणाचं नाव कमी झालं की मग पुढच्याचा नंबर. रेशन ऑफिसातला खिडकीवरचा माणूस "इष्टांक संपलाय" म्हणतो तेव्हा तो दर वेळी खोटं बोलत नसतो. एजंट दोन-तीन हजार घेऊन "उद्यापासून धान्य चालू" म्हणतो, तो मात्र हमखास खोटं बोलत असतो.

आता ताईंची गोष्ट. त्या लातूरकडच्या. लग्नानंतर नाव सासूबाईंच्या कार्डात चढलं, दोन मुलांचीही चढली, आणि दहा वर्षांपूर्वी हे चौघं पुण्यात आले. इथे नवीन कार्ड काढायचं तर आधी गावाकडून नाव कमी केल्याचा दाखला हवा. कमी करायचा नमुना 9, नव्या कार्डाचा नमुना 1. फॉर्म सोपे आहेत. अवघड आहेत दीर. चार नावं कमी झाली की घरात येणारं वीस किलो धान्य थांबणार, ते सही कशाला करतील? त्यांचंही चूक म्हणवत नाही. सासूबाईंना तेच सांभाळतात. आणि नावं कमी करून इथे इष्टांकाच्या रांगेत उभं राहायचं, म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, गावच्या कार्डात नाव आहे का? असेल तर कमी करू नका. 'एक देश, एक रेशनकार्ड' झाल्यापासून गावचं धान्य इथल्या दुकानात उचलता येतं. रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर सांगायचा, मशिनवर अंगठा द्यायचा. सगळं उचलायलाच हवं असंही नाही. चार जणांचं पुण्यात, बाकीच्यांचं लातूरला, असं चालतं. ताईंना पहिल्या दुकानदाराने "बाहेरचं कार्ड घेत नाही" म्हणून वाटेला लावलं होतं. मी बरोबर गेले, तर म्हणाला मशिनला रेंज नाही. 1967 या हेल्पलाइनला त्याच्यासमोरच फोन लावला. रेंज आली.

मशिनवर कार्ड उघडलं खरं, पण त्या महिन्याचा सगळा कोटा गावाकडे आधीच उचललेला.

इथे फॉर्म काही कामाचा नाही. ताईंनी जावेला फोन केला. मी मुद्दाम गॅलरीत गेले, तरी ऐकू येत होतंच. आधी सासूबाईंची तब्येत झाली, मग पाऊस, मग मुलांच्या परीक्षा; धान्याचा विषय निघायला वीस मिनिटं लागली. शेवटी ठरलं की ताईंचं आणि मुलांचं धान्य इथे, नवऱ्याच्या वाटणीचं सासूबाईंसाठी गावातच. आणि महिना लागला की जावेआधी ताईंनी दुकान गाठायचं.

मग निघालं ई-केवायसी. प्रत्येक नावाचं आधार जुळवून घ्यावं लागतं, इथल्या दुकानातही होतं. ताईंच्या बोटांचे ठसे उमटेनात. वर्षानुवर्षं भांडी घासून रेषाच गेलेल्या. लोक खोबरेल लावून येतात, त्याने काच अजून बिघडते. हात धुऊन कोरडे करा, एकेक बोट दाबून बघा. ताईंचं डाव्या हाताचं मधलं बोट लागलं.

माझी मदत म्हणजे एवढीच. बाकी एक सवय लावते: अर्ज दिला की शिक्का आणि तारीख घातलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, आणि धान्य घेतलं की मशिनची पावती मागायची. ताई आता पावत्या डब्यात ठेवतात. मागच्या महिन्यात आल्या त्या चिडूनच. पावतीवर पंधरा किलो, घरी काट्यावर चौदा. "काकू, आता याचा कुठला फॉर्म असतो?"