मेटलचा व्हॉल्व्ह, असिट्रॉम आणि कोरोनाची लस : माझा अनुभव

लहानपणी माझा सारखा घसा दुखायचा, ताप यायचा, घरच्यांनी काढा-हळद करून वेळ मारून नेली. त्यातून रुमॅटिक फिव्हर झाला आणि हृदयाचा मायट्रल व्हॉल्व्ह खराब झाला हे कळायला पुढे कित्येक वर्षं गेली. २००९ ला ऑपरेशन करून मेटलचा व्हॉल्व्ह बसवला. तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर असिट्रॉम, म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी, आणि महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते पाहायची तपासणी, आकडा जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ. ज्यांच्या घरात असा पेशंट आहे त्यांना माहितीच असेल, रात्री पंखा बंद असला की त्या व्हॉल्व्हची टिकटिक ऐकू येते, ह्यांना तर आता तो आवाज आला नाही तर झोप लागत नाही.

डिस्चार्जच्या वेळी आम्हाला एक गोष्ट पक्की सांगितली होती. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घ्यायचं नाही, आत रक्त साकळतं, कुठेही गेलात तरी आधी हे सांगायचं. मी बारा वर्षं ते पाठ केलेलं. आणि कोरोनाची लस म्हणजे दंडातलंच इंजेक्शन.

आम्ही हडपसरला राहतो, सीरमचा कारखाना तिथून जवळच. १२ जानेवारी २०२१ ला पहाटे पूजा करून लसीच्या गाड्या निघाल्या तेव्हा सासूबाई टीव्हीसमोर हात जोडून बसल्या होत्या आणि मी स्वयंपाकघरात, मला काही आनंदच होईना. त्याच महिन्यात कोव्हॅक्सिनच्या माहितीपत्रकात आलं की रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर घेऊ नका, कोविशील्डच्या पत्रकात होतं की लस देणाऱ्याला तसं सांगा. म्हणजे माझी भीती उगाच नव्हती, छापूनच आलेली होती.

१ मार्चपासून ४५ च्या पुढच्या आजारी लोकांना लस सुरू झाली, यादीत व्हॉल्व्हचा आजार होता, मी ४८ ची, सर्टिफिकेट घेऊन गेले. रांगेत नाव विचारणाऱ्या मुलीला सांगितलं असिट्रॉम चालू आहे. ती म्हणाली, मग काकू तुम्ही नका घेऊ, रिस्क नको. डॉक्टरांना विचारायला आतसुद्धा गेली नाही. मी घरी आले आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. पण त्या सुटकेने माझा दीड महिना खाल्ला आणि तो दीड महिना म्हणजे पुण्यातली दुसरी लाट.

त्यात मार्चच्या मध्याला बातम्या आल्या की युरोपात बऱ्याच देशांनी अ‍ॅस्ट्राझेनेकाची लस थांबवली, रक्ताच्या गुठळ्या होतायत. आपली कोविशील्ड तीच. मला तर गुठळी हा शब्द ऐकला तरी धडधडतं, व्हॉल्व्हवर गुठळी बसू नये म्हणून तर बारा वर्षं गोळी खातेय. म्हणजे एकीकडे रक्त पातळ म्हणून इंजेक्शनची भीती आणि दुसरीकडे रक्त घट्ट होईल म्हणून लसीची भीती, दोन्ही एकाच वेळी. रात्री ती टिकटिक मोजत बसायचे. जेवण जाईना, भाजी धड मिळत नव्हती, मेथी-पालक पूर्ण बंद झालं, आणि पालेभाजी बंद झाली की ह्या गोळीचा जोर वाढतो. एप्रिलमध्ये आयएनआर केला तर ४.१. माझा असायला हवा २.५ ते ३.५.

त्या रिपोर्टमुळे हार्टच्या मॅडमना फोन केला आणि मग सगळंच बोलून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या दोन भीती आहेत ना, वेगवेगळ्या करा. इंजेक्शनचं म्हणाल तर लसीची सुई बारीक असते, औषध अर्धा मिलीलिटर, आयएनआर रेंजमध्ये असेल तर चालतं, फक्त नंतर चोळायचं नाही, घट्ट दाबून धरायचं. आणि गुठळीचं म्हणाल तर ती गोष्टच निराळी आहे, त्यात शरीर चुकीच्या अँटीबॉडी तयार करतं, प्लेटलेट खाली येतात, ते फार क्वचित होतं आणि व्हॉल्व्ह असल्याने ते जास्त होतं असं दिसलेलं नाही. पुढच्या काही आठवड्यांत न थांबणारी डोकेदुखी, दम लागणं, एकच पाय सुजणं, पोटात जोरात दुखणं असलं काही झालं तर लगेच या. मग म्हणाल्या, पण कोविड झाला तर त्यातही गुठळ्या होतात आणि तेव्हा तुमचा व्हॉल्व्ह सांभाळणं मला अवघड जाईल.

शेवटचं वाक्य मला लागलं. इतके दिवस मी लसीची रिस्क एका पारड्यात ठेवून दुसरं पारडं रिकामंच आहे असं धरून चालले होते.

गोळी थोडी कमी केली, पालेभाजी पहिल्यासारखी ठरलेल्या मापात सुरू केली, आठ दिवसांनी आयएनआर ३.०. मॅडमनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या. मग लसच मिळेना, एप्रिलमध्ये सेंटरवर लस संपल्याचे बोर्ड होते, तीन हेलपाटे घातले. चौथ्यांदा नंबर लागला. चिठ्ठी आतल्या डॉक्टरांच्याच हातात दिली, बाहेर कोणाला दाखवलीच नाही. सिस्टर म्हणाल्या, ताई, दंड सैल सोडा, मी म्हटलं सोडलाय, त्या म्हणाल्या नाही सोडलेला. मग त्यांनीच माझा कोपर हातात धरून हलवला आणि तेवढ्यात झालंसुद्धा. कापूस मी स्वतः दाबून धरला, भिंतीवरच्या घड्याळात पाच मिनिटं पूर्ण, घड्याळाचा काटा आणि छातीतली टिकटिक एकदम ऐकू येत होती आणि महिनाभरात पहिल्यांदा त्या आवाजाची भीती वाटली नाही. अर्धा तास बसवून ठेवलं.

रात्री ताप आला, अंग दुखलं. पॅरासिटामॉल घेतली, तीही विचारून. ब्रुफेन, कॉम्बिफ्लॅम असलं काही आमच्यासारख्यांनी घ्यायचं नाही, रक्तस्राव वाढतो, हे ठळक लिहितेय कारण घरातली माणसं प्रेमाने हातात तीच गोळी देतात. दंडावर रुपयाएवढा निळा डाग पडला, आठवड्यात पिवळा होऊन गेला. डोकं दोनदा दुखलं तेव्हा जीव घाबरला होता, ह्यांनी चहा करून दिला, शेजारी बसून राहिले, तासाभरात थांबलं.

मे महिन्यात सरकारी समितीचा रिपोर्ट आला, कोविशील्डनंतर गुठळीच्या शक्यतेच्या २६ केसेस, दहा लाख डोसमागे ०.६१. मी तो आकडा माझ्या आयएनआरच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवला.

दोन डोसमधलं अंतर वाढवलं होतं म्हणून दुसरा डोस जुलैत. त्या दिवशी वहीत तारीख, आयएनआर २.९, असिट्रॉम २ आणि पुढे लिहिलंय : लस दुसरी, डावा दंड, डाग नाही.