एक्सक्लूजन १२

हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या काउंटरवर, दुपारी तीनची वेळ सगळ्यात वाईट. डिस्चार्ज अडकलेले, नातेवाईक काउंटरला खेटून उभे. त्यातच मानसोपचार वॉर्डची फाइल नामंजूर होऊन आली.

पेशंट कारखान्यातले सुपरवायझर, वय ५२. अकरा दिवस ॲडमिट, निदान तीव्र नैराश्य, बिल ९४ हजार. नकाराचं कारण एका ओळीत: एक्सक्लूजन १२, म्हणजे पॉलिसीत कव्हर न होणाऱ्या गोष्टींतला १२ नंबर: दारू, ड्रग्ज आणि त्यांचे परिणाम. ॲडमिशनच्या रात्री आरएमओनं, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरनं, केसपेपरवर लिहिलं होतं, ‘चार महिने रोज एक क्वार्टर’.

त्यांच्या मिसेसनी पत्र दोनदा वाचलं. “दादा, ती ओळ काढता येईल का? मीच सांगितली होती. कुणी विचारलंही नव्हतं.”

नाही येत. आणि न सांगून चाललंही नसतं. दारू अचानक सुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते. औषध त्याच ओळीवरून ठरतं. पैसे कापले जातात तेही त्याच ओळीवरून.

गंमत बघा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २१(४) म्हणतं, मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या. त्याच कायद्याच्या व्याख्येत दारू-ड्रग्जशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजारच आहेत. तरी पॉलिसीत हा १२ नंबर छापलेला असतोच, आणि पोर्टलवर क्लेम तपासायला बसलेला माणूस पॉलिसी बघतो.

मी फाइल घेऊन सायकियाट्रिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी ओळीला हात लावला नाही, “आधीचे कागद आहेत का?” एवढंच विचारलं. मुलानं घरून फोटो पाठवले: २०१९ चे ओपीडी पेपर, नैराश्याच्या गोळ्या. म्हणजे आजार आधीचा, दारू नंतरची. मॅडमनी तसं पत्र दिलं. कंपनीची ग्रुप पॉलिसी होती आणि जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर होते म्हणून निभावलं. स्वतः काढलेली पॉलिसी असती तर हेच कागद ‘आजार लपवला’ म्हणून आमच्यावरच उलटू शकले असते.

मग बिलाची फोड केली. पहिले चार दिवस डिटॉक्स, म्हणजे दारू सोडवण्याचे उपचार: सलाइन, थायमिन, लोराझेपाम. उरलेले सात नैराश्याचे. स्वतःच्या हातानं असं बिल कापताना बरं वाटत नाही, पण सगळंच जाण्यापेक्षा परवडतं. पावणेआठला मंजुरी आली, ६१ हजार.

बाकीच्या ३३ हजारांसाठी विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा, तिथे फी नसते, असं मी चिठ्ठीवर लिहून दिलं. मिसेसनी दोन कार्डांवरून पैसे भरले.

“फॉलोअपला विचारलं, अजून पितात का, तर काय सांगू?”

“मॅडमना खरंच सांगा, ताई.”

त्या काही बोलल्या नाहीत. पावतीची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि लिफ्टकडे गेल्या.